सहज पाहुणचाराचें थोतांड

इंग्रजी पाकशास्त्रांत गेल्या चाळीस वर्षांत एक निराळीच शाखा फुटली आहे. तिचें लक्ष पदार्थापेक्षां पाहुण्याकडे अधिक. तिचें ब्रीद असें कीं, चार माणसें घरीं बोलावून जेवूं घालणें ही मुळीं अवघड गोष्टच नाहीं. यजमानीणबाईंनीं जिवाची घालमेल करूं नये, इस्त्रीचें मेजपोस कपाटांतच राहूं द्यावें, दोन-चार साधे पदार्थ करावे आणि पाहुण्यांबरोबर आपणहि हंसतखेळत जेवावें. आयना गार्टन या अमेरिकन लेखिकेनें २०१० सालीं आपल्या पुस्तकाचें नांवच ‘हाउ ईझी इज दॅट?’ म्हणजे ‘आहे कीं नाहीं सोपें?’ असें ठेविलें. २०१९ सालीं ॲलिसन रोमन यांचें ‘नथिंग फॅन्सी’ निघालें; थाटमाट कांहीं नाहीं, असा त्याचा अर्थ. मेजवानी हा शब्दच या बाईंस नकोसा वाटतो. आपण केवळ ‘माणसें घरीं बोलावितों’ असें त्या म्हणतात. पुण्यामुंबईच्या इंग्रजी शिकलेल्या घरांतून हीं पुस्तकें आतां दिवाणखान्यांत मांडलेलीं दिसतात, आणि या वाङ्मयानें गृहिणीला मुक्त केलें असें त्यांचे स्तुतिपाठक आम्हांस सांगत असतात.

आमचें मत याच्या नेमकें उलट आहे. या पुस्तकांनीं गृहिणीचें एकहि काम कमी केलेलें नाहीं. तें काम आपण केलेंच नाहीं असें भासविण्याचें आणखी एक काम मात्र तिच्या माथीं मारलें आहे.

हें कसें घडलें तें पाहण्यास थोडें मागें जावें लागेल. मिसेस बीटन यांचें गृहव्यवस्थेवरील जाडजूड पुस्तक लंडनांत १८६१ सालीं प्रसिद्ध झालें. अठरा-अठरा माणसांच्या जेवणांचे बेत त्यांत महिनावार दिले आहेत. ते वाचून छाती दडपते. परंतु त्याच पुस्तकांत स्वयंपाकिणीनें काय करावें, वाढप्यानें काय करावें, आणि घरांत एकच मोलकरीण असेल तर तिच्यावर पहांटेपासून रात्रीपर्यंत काय काय कोसळतें, हेंहि खुलासेवार सांगितलें आहे. त्या समाजव्यवस्थेची वकिली करण्याची आमची इच्छा नाहीं. एवढेंच कीं, मेजवानीमागें श्रम असतात आणि ते कोणातरी माणसाचे असतात ही गोष्ट त्या बाईंनीं लपविली नाहीं.

पुढें दोन महायुद्धें झालीं आणि तिकडील मध्यम वर्गाच्या घरांतून नोकरमाणसें नाहींशीं झालीं. १९६१ सालीं ज्यूलिया चाइल्ड यांनीं सिमोन बेक व लुइसेट बर्थोल या दोघी फ्रेंच स्त्रियांच्या सहकार्यानें फ्रेंच स्वयंपाकावरील आपला ग्रंथ काढला, तेव्हां तो नोकर नसलेल्या अमेरिकन गृहिणीसाठीं आहे असें आरंभींच बजाविलें. पण नोकर नाहीं म्हणून काम सोपें झालें, असें त्या कोठेंहि म्हणत नाहींत. मद्यांत शिजविलेल्या गोमांसाची त्यांची प्रसिद्ध कृति पाहा: मांस वेगळें, लहान कांदे वेगळे, अळंबीं वेगळीं, प्रत्येकाचा संस्कार निराळा, आणि चुलीवर तासच्या तास. ज्या बाईस एवढा खटाटोप नको तिनें तें पान उलटावें. त्याच्याच आदल्या वर्षीं पेग ब्रॅकन या जाहिराती लिहिणाऱ्या बाईंनीं दुसऱ्या टोकाचें पुस्तक काढलें. आपल्याला स्वयंपाकाचा तिटकारा आहे असें त्याच्या नांवांतच जाहीर करून त्यांनीं डब्यांतल्या सारावर काम भागवावें असें सरळ सांगितलें. त्यांच्या जेवणाची चव आम्ही वाखाणणार नाहीं. त्यांचा प्रामाणिकपणा मात्र वाखाणतों. एकीनें सांगितलें, कष्ट करा आणि उत्तम खा. दुसरीनें सांगितलें, कष्ट टाळा आणि मिळेल तें खा. कष्ट न करतां उत्तम मिळेल असें दोघींपैकीं कोणीहि म्हटलें नाहीं.

तें म्हणण्याची वेळ पुढें आली. १९८२ सालीं मार्था स्टुअर्ट यांचें ‘एंटरटेनिंग’ हें चित्रांनीं नटलेलें पुस्तक निघालें. या बाईंचा कनेटिकट संस्थानांत वेस्टपोर्ट येथें मेजवान्या पुरविण्याचा धंदा होता. म्हणजे पाहुणचार हा त्यांचा व्यवसाय, आणि त्यांत त्या निष्णात. पुस्तकांत तीस माणसांना मध्यरात्रीं आमलेटें खाऊं घालण्याचा एक बेत आहे. आम्ही गणिताचे अध्यापक नव्हों; तरीहि एका आमलेटास दोन मिनिटें धरलीं तर तिसांस एक तास होतो, इतका हिशेब आम्हांस जमतो. तो तास चुलीपाशीं कोण उभें राहणार? शेगड्या वाढवाव्या तर त्यांपुढें उभीं राहणारीं माणसेंहि वाढवावीं लागतात. ज्या बाईच्या पदरीं धंद्याचीं भांडीं, धंद्याचे मदतनीस आणि धंद्याची संवय आहे तिला हें साधेल. परंतु पुस्तक विकलें जातें तें दिवसभर कचेरींत खपून सायंकाळीं घरीं परतणाऱ्या बाईस. श्रीमती गार्टन यांचेंहि तेंच. १९७८ पासून सुमारें अठरा वर्षें त्यांनीं तयार खाद्यपदार्थांचें दुकान चालविलें. त्यांच्या हाताला जी सहजता आहे ती त्या अठरा वर्षांची कमाई आहे. (जो पदार्थ दुकानांत चांगला मिळतो तो खुशाल विकत आणावा, असें त्या वारंवार सांगतात, हें त्यांच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे.) गवयाला तान सहज येते म्हणून त्याच्या चिजांचें पुस्तक घेणाऱ्यालाहि ती सहज येईल, असें कोणी म्हटल्यास आपण हंसूं. पाकशास्त्रांत मात्र तेंच विधान मुखपृष्ठावर छापलें जातें आणि कोणी हंसत नाहीं.

आमचा धंदा भाषेचा. म्हणून या पुस्तकांतील भाषेकडे आमचें लक्ष विशेष जातें. प्रत्येक कृतीच्या आरंभीं साहित्याची यादी असते. त्या यादींत ‘बारीक चिरलेला कांदा, एक वाटी’, ‘सोललेली लसूण’, ‘बी काढून तुकडे केलेल्या मिरच्या’, ‘भाजून सोललेलीं वांगीं’ असे शब्द येतात. व्याकरणांत यांना भूतकालवाचक धातुसाधित विशेषणें म्हणतात. त्यांचें वैशिष्ट्य असें कीं, क्रिया घडून गेलेली असते आणि कर्ता कोणासहि दिसत नाहीं. कांदा चिरलेला आहे. कोणीं चिरला, केव्हां चिरला, चिरतांना कोणाच्या डोळ्यांतून पाणी आलें, हें विचारावयाचें नाहीं. घड्याळ सुरू होतें तें त्यानंतर. म्हणजे अर्ध्या तासाच्या म्हणविणाऱ्या कृतींतील पाऊण तासाचें काम यादीच्या विशेषणांत गडप केलेलें असतें. इंग्लंडांत जेमी ऑलिव्हर या लोकप्रिय आचाऱ्यानें २०१० सालीं तीस मिनिटांत संपूर्ण जेवण करण्याचें पुस्तक काढलें. पुढें २०१२ सालीं पंधरा मिनिटांचें काढलें. या चढाओढींत कांदा मात्र आपल्याच गतीनें शिजत राहिला. त्याच साली टॉम स्कोका या अमेरिकन लेखकानें ‘स्लेट’ या नियतकालिकांत एक मार्मिक लेख लिहिला. कांदा तांबूस होईपर्यंत पांच-दहा मिनिटें परतावा असें जें पुस्तकांतून सर्रास लिहिलेलें असतें तें धादांत खोटें असून खरा वेळ अर्धा ते पाऊण तास आहे, असें त्यानें स्वतः कांदे परतून दाखविलें. आमच्याकडील कोणत्याहि बाईनें हें त्यास लेख न लिहितां सांगितलें असतें.

कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, दहा मिनिटांचीं चाळीस झालीं तर एवढा आकांत कशाला? आकांत मिनिटांसाठीं नाहीं. ‘सोपें’ हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं. अवघड म्हणून सांगितलेलें काम बिघडलें तर दोष कामाच्या अवघडपणावर जातो आणि करणारीची लाज राखली जाते. सोपें म्हणून सांगितलेलें काम बिघडलें तर दोष जाण्यास एकच जागा उरते, ती म्हणजे करणारी स्वतः. पाहुणे सात वाजतां यावयाचे, भात अजून वैराचा, ओट्यावर सालींचा ढीग, आणि भिंतीला टेकविलेल्या पुस्तकांतली बाई हातांत पेला घेऊन प्रसन्न हंसत आहे! तें चित्र पाहून जिला आपण नालायक आहोंत असें वाटतें, तिला त्या पुस्तकानें मुक्त केलें काय? पूर्वींच्या यजमानिणीस थकण्याची तरी मोकळीक होती. पाहुणे उठतांना ‘फार त्रास घेतलात हो’ म्हणत, आणि तो घेतलेला असे. आतां त्रास घेतलेला दिसणें हाच कमीपणा ठरला आहे. म्हणून दुपारीं दोनपासून राबलेली बाई सात वाजतां केस सारखे करून ‘छे हो, असंच कांहीतरी केलंय’ म्हणते. हें वाक्य या वाङ्मयानें तिला पढविलें.

या पुस्तकांमुळें माणसें हॉटेलाऐवजीं घरीं एकत्र येतात, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद आम्ही नाकारीत नाहीं. माणसांनीं एकमेकांच्या घरीं जेवावें यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाहीं. परंतु त्यासाठीं खोटें बोलण्याची गरज नसते. लॉरी कोल्विन या कादंबरीकर्तीचें ‘होम कुकिंग’ १९८८ सालीं निघालें. न्यूयॉर्कमधील एका खोलीच्या बिऱ्हाडांत, दोन शेगड्यांवर, बाई माणसें जेवूं घालीत आणि मोरी नसल्यामुळें भांडीं स्नानाच्या टबांत विसळीत. हें सर्व त्यांनीं लिहिलें आहे, आणि फसलेल्या जेवणांवरहि लिहिलें आहे. तें वाचून माणसें बोलाविण्याचा धीर येतो, कारण लेखिका आपल्याच इतकी अडचणींत आहे हें दिसतें.

येथें आमचे स्वदेशाभिमानी मित्र पुढें सरसावतील. आमच्याकडे हें सर्व पूर्वींपासूनच होतें, ते म्हणतील. अतिथि निरोप न देतां यावयाचा आणि घटकेंत पिठलें-भात पानांत पडावयाचा. पाश्चात्त्यांनीं आम्हांस सहजता काय शिकवावी? पिठलें-भाताविषयीं आमचाहि आदर कमी नाहीं. परंतु त्या अतिथीच्या बाजूला पाटावर कोण बसलें होतें आणि पिठलें ढवळीत कोण उभें होतें, हेंहि सांगा. बायकांची पंगत शेवटची, आणि पातेल्यांत उरेल तें त्यांचें. ज्याला आपण संस्कृतीचा सहजपणा म्हणतों तो पाटावर बसलेल्यांचा सहजपणा होता. अमेरिकन पुस्तकानें श्रम विशेषणांत लपविले, आम्हीं ते माजघरांत लपविले. बढाई मारण्याजोगें यांत कांहीं नाहीं.

अभिमान धरावयाचाच असेल तर आमच्या पाकग्रंथांचा धरावा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचें. लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं १९१० सालीं ‘गृहिणी-मित्र’ काढून एक हजार पाकक्रिया दिल्या. सोप्या एक हजार असें त्या म्हणाल्या नाहींत. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. वाटी-चमच्याचें प्रमाण देऊन तिनें जें केलें तें फार मोठें होतें. सासर-माहेरापासून दूर, दोन खोल्यांत नवा संसार मांडणाऱ्या मुलीला अमुक वाट्या, अमुक चमचे घेतले म्हणजे पदार्थ बिघडणार नाहीं अशी खात्री तिनें दिली. पुस्तक खात्री देऊं शकतें. सहजता ही हाताची वस्तु आहे. ती छापतां येत नाहीं.

तेव्हां प्रकाशकांनीं एवढें करावें. प्रत्येक बेताच्या माथ्यावर भाजी धुण्यापासून शेवटचें पातेलें पालथें घालीपर्यंतचा वेळ छापावा; किती हात आणि किती शेगड्या लागतील तें छापावें; आणि ‘चिरलेला कांदा’ यादींतून काढून ‘कांदा चिरा’ असें कृतींत घालावें. परीक्षण लिहिणाऱ्या विद्वानांनींहि चित्रांची स्तुति करण्यापूर्वीं आठ माणसांचा एक बेत एकट्यानें करून पाहावा, आणि आपण खुर्चीवर किती वाजतां बसलों तें परीक्षणांत नमूद करावें.

आमच्या शहरांतून मात्र हें पुस्तक एका बाबतींत खरें ठरतें. तेथील यजमानीण खरोखरच निवांत असते. कारण सायंकाळीं पोळ्यांच्या बाईंना थांबवून घेतलेलें असतें, ‘बारीक चिरलेला’ हें विशेषण त्यांनींच सिद्ध केलेलें असतें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं भांड्यांच्या बाई येतात तेव्हां मोरी काठोकांठ भरलेली असते. त्या सकाळच्या जादा भांड्यांचे जादा पैसे द्यावयाचे कीं नाहींत, याविषयीं आम्हीं चाळलेल्या एकाहि पुस्तकांत ओळ नाहीं, आणि इकडील स्तुतिपाठकांनींहि अजून ती मागितलेली नाहीं.