पॅकअपनंतरची जबाबदारी

चित्रीकरणाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा फाइटमास्टरपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. हार्नेस तपासला का, खाली गाद्या आहेत का, घोडा बुजरा नाही ना, तलवारींच्या धारा मारल्यात ना. ही काळजी घ्यायलाच हवी आणि बरीच युनिट्स ती घेतातही. पण गेल्या काही वर्षांतले दोन मृत्यू आठवून पाहा. मार्च २०२३ मध्ये पन्हाळगडावर सज्जा कोठीच्या परिसरात, एका ऐतिहासिक चित्रपटाच्या घोड्यांची देखभाल करणारा तरुण रात्रीच्या वेळी तटावरून खाली कोसळला आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. एप्रिल २०२५ मध्ये साताऱ्याजवळ संगम माहुलीला गाण्याचं चित्रीकरण आटोपल्यावर एक नर्तक अंगावरचा रंग धुवायला कृष्णेकडे गेला आणि बुडाला. चित्रपट कोणाचे होते, हा इथे मुद्दा नाही. मुद्दा असा, की दोन्ही वेळा कॅमेरा बंद होता.

शॉटमधल्या धोक्याला आपल्याकडे धनी असतो. शॉट संपल्यावरच्या धोक्याला नसतो. युनिट गडावर असतं, नदीकाठी असतं, घाटातल्या लॉजवर असतं, परतीच्या गाडीत असतं. पण ‘कट’ म्हटल्याबरोबर माणसांची जबाबदारीही संपली असं आपण धरून चालतो.

मराठी चित्रपटाचा बराच संसार आउटडोअरचा आहे. वाई-मेणवलीचे घाट, भोरचा वाडा, कोल्हापूरच्या आसपासची गावं, कोकणचा किनारा आणि अलीकडच्या ऐतिहासिक पटांमुळे किल्ले. रेकीला दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि कलादिग्दर्शक जातात. ऊन कुठून येतं, विजेची तार फ्रेममध्ये येते का, जनरेटर व्हॅन कुठवर पोचेल हे सगळं पाहून होतं. फ्रेमच्या बाहेर वीस पावलांवर काय आहे, हे पाहणं मात्र कोणाच्या यादीत नसतं. दीडशे माणसं जेवायला कुठे बसणार, अंधार पडल्यावर घोडेवाले कुठे थांबणार, रंग आणि मेकअप कुठे धुणार, लघवीला कुठे जाणार, या प्रश्नांची उत्तरं रेकीतच मिळाली पाहिजेत. तटाच्या कडेला दोरी आणि रात्रभर जळणारा दिवा लावायला फार खर्च येत नाही. नदीपासून लांब पाण्याचा टँकर आणि चार पिंपं ठेवली, तर रंग धुवायला कोणी पात्रात उतरणार नाही. पाण्याजवळ काम असेल तर गावातल्या नावाड्याला विचारावं, वरच्या धरणातून विसर्ग आहे का ते पाटबंधारे खात्याकडून कळून घ्यावं आणि पोहणारा माणूस जाकीट-दोरासह काठावर पॅकअप होईपर्यंत उभा ठेवावा. किल्ल्यांवर काम करणाऱ्यांना महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची चोवीस तासांची हेल्पलाइन ठाऊक असायला हवी. राज्यभरातली गिर्यारोहकांची बचाव पथकं तिच्याशी जोडलेली आहेत.

अपघात झालाच, तर पहिला तास गोंधळात जातो. १०८ ला फोन करायचा हे सगळ्यांना माहीत असतं. पण गडावर रेंज कुठे मिळते, अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथे पोचायला रात्री किती वेळ लागतो, हे कोणी सांगू शकत नाही. पन्हाळ्याहून कोल्हापूर वीसेक किलोमीटर, पण त्यात घाट आहे. राखीव गाडी अनेकदा कलाकाराला आणायला गेलेली असते. म्हणून कॉलशीटवर तीन ओळी कायमच्या छापाव्यात: रुग्णालयाचं नाव आणि रस्ता, लोकेशन न सोडणारी गाडी आणि तिचा चालक, आणि सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या माणसाचं नाव व नंबर. हा माणूस पहिला सहायक दिग्दर्शक (एडी) नसावा. वेळ गाठण्याचं आणि काम थांबवण्याचं अशी दोन्ही कामं एकाच्या गळ्यात घातली, तर पहिलंच जिंकतं.

वीज आणि आग यांबद्दल थोडक्यात. पावसाळी आउटडोअरला वीज वाटपाच्या पेटीवर (डीबी बॉक्स) अर्थ लीकेज ब्रेकर आणि परवानाधारक वायरमन नसेल, तर दिवे लावूच नयेत. ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ मालिकेच्या सेटवर म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत फेब्रुवारी १९८९ मध्ये लागलेल्या आगीत ६२ जण गेले. प्लाय, कापड, थर्मोकोल यांचे सेट आपण आजही उभारतो. बाहेर पडायचा दुसरा रस्ता सेट उभारतानाच सोडावा लागतो, नंतर तो काढता येत नाही.

परतीचा प्रवास हाही कामाचाच भाग आहे. डिसेंबर २०१२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, तो धक्का या व्यवसायातले लोक विसरलेले नाहीत. नाइट शिफ्ट संपवून पहाटे चारला निघणाऱ्या टेम्पोचा चालकही आदल्या सकाळपासून जागा असतो. पॅकअप आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल टाइम यांत पुरेशी झोप मिळेल एवढं अंतर ठेवणं आणि रात्रीच्या प्रवासाला ताजा चालक देणं, हे निर्मात्याचं काम आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने घर ते कामाची जागा या प्रवासातले अपघातही, कामाशी त्यांचा संबंध दिसत असेल तर, भरपाईच्या कक्षेत आणले आहेत.

स्त्रियांच्या सुरक्षिततेची गोष्टही पॅकअपपाशी थांबत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती प्रत्येक जागा आणि मालकाने दिलेलं वाहनही ‘कामाचं ठिकाण’ ठरतं. वाईचा लॉज त्यात आला, तिथून सेटवर नेणारी गाडीही आली. दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची. चित्रपटाच्या प्रत्येक निर्मिती युनिटला ही समिती लागते, असं केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, कारण पटलं तर आणखी तीन. आपलं शूटिंग चाळीस दिवसांत आटोपतं आणि समितीचा कागद फाइलबरोबर गुंडाळला जातो. समिती प्रदर्शनापर्यंत तरी चालू राहिली पाहिजे. युनिट लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हेही कॉलशीटवर छापावं. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्या. हेमा समितीच्या अहवालात मल्याळी सेटवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायच्या खोल्या नसल्याची नोंद आहे. आपल्या आउटडोअरवर दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलींना त्यात नवं काही वाटणार नाही.

बालकलाकारांच्या बाबतीत नियम तर अगदी नेमके आहेत. दिवसाला पाच तास, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, ओळीने २७ दिवसांपेक्षा अधिक काम नाही. जिथे चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणजे मुंबईची परवानगी साताऱ्यात चालत नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची असते. मुलाची आई सेटवर बसलेली आहे, एवढ्याने ती अट पूर्ण होत नाही. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत.

आता पैशांचं. कॅमेरा भाड्याने देणारा आधी विमा विचारतो. घोडेवाल्याचा विमा कोणी विचारत नाही, कारण तो ठेकेदाराचा माणूस. पण ठेकेदाराच्या माणसालाही काम देणाराच भरपाई देणं लागतो, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार दृक्‌श्राव्य कामगारांशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात कामाचे तास व सुरक्षितता यांचाही उल्लेख हवा. रोजंदारीवरच्या माणसांसाठी, नावं न देता केवळ संख्येवर उतरवता येणारा समूह अपघात विमा सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. त्याखेरीज प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण आहे. ते ज्याचं त्याने आपल्या बँक खात्यातून घ्यायचं असतं. शूटिंगच्या पहिल्या दिवशी प्रॉडक्शनने एक टेबल टाकून अर्ज भरून घ्यावेत, असंघटित कामगारांसाठीची ई-श्रम नोंदणी राहिली असेल तर तीही उरकावी आणि वीस रुपये हातावर ठेवावेत. ऐंशी जणांचे १,६०० रुपये होतात.

थकलेले पैसे आणि पुढचं काम मिळेल की नाही ही धास्ती माणसाला आतून पोखरते. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. पण ठरल्या तारखेला पैसे न देणाऱ्या निर्मात्याने तो भिंतीवर चिकटवू नये. आधी पैसे द्यावेत.

यातलं बरंचसं कायद्यात किंवा योजनांमध्ये आज आहेच. अडतं ते एवढ्यावरच, की विचारणारं कोणी नाही. तेव्हा आमची मागणी दोन ठिकाणी आहे. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाने चित्रपटाच्या नोंदणीबरोबर सुरक्षिततेची फाइल मागावी: लोकेशनवार धोक्यांची नोंद, विम्याची प्रत, समितीच्या सदस्यांची नावं, काम थांबवण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचं लेखी नियुक्तिपत्र. आणि राज्य शासनाने मराठी चित्रपटाला अर्थसाहाय्य देताना कथा, अभिनय, तंत्र यांच्या गुणांआधी ही फाइल पाहावी. ती नसेल तर अर्ज परत करावा. अनुदान जनतेच्या पैशांतून येतं. ज्या चित्रपटाने आपल्या माणसांना धडपणे घरी पोचवण्याची व्यवस्था केली नाही, त्याला ते मागण्याचा हक्क नाही.