पडद्यापलीकडचा समुपदेशक निवडताना

उपचारांची सोय घरापर्यंत आली. पारखण्याची जबाबदारी मात्र रुग्णावरच

मानसिक त्रासासाठी मदत मागणे ही गोष्ट शहरी मध्यमवर्गात पूर्वीइतकी लपवण्याची राहिलेली नाही. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० साली, दवाखान्यांची दारे बंद झाली आणि समुपदेशनाची सत्रे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली. साथ ओसरली, पण ही सवय टिकली. लोकलच्या गर्दीतून दादर किंवा ठाण्याला जाण्याऐवजी घरातूनच पाऊण तास बोलता येते, शिवाय दवाखान्याच्या दारात कोणी ओळखीचे भेटण्याची धास्ती उरत नाही. मुंबई, पुणे, नाशिकच्या नोकरदारांना ही व्यवस्था सोयीची वाटणे स्वाभाविकच होते.

या सोयीबरोबर एक अवघड प्रश्नही आला. पडद्यावर शेकडो हसरे चेहरे दिसतात. प्रत्येकाखाली पदव्यांची अक्षरे, अनुभवाची वर्षे आणि तारांकित शिफारशी असतात. त्यांतून आपल्यासाठी योग्य कोण, हे ठरवायचे असते ते झोप उडालेल्या, मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाने. निवड करण्याची शक्ती ज्या वेळी सर्वांत कमी असते, नेमक्या त्याच वेळी ती करावी लागते.

गरज मोठी, तज्ज्ञ थोडे

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. उपचारांपासून वंचित असणाऱ्यांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्क्यांच्या घरात होते. देशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ अवघे ०.७५ असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो, तर किमान तीन असावेत असे मानले जाते. ही दरी भरून काढण्यासाठी ऑनलाइन व्यवस्था आवश्यकच आहे. तथापि जेथे मागणी मोठी आणि पुरवठा अपुरा असतो, तेथे पारख न झालेला मालही खपतो, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडतो.

पाटीवरच्या शब्दांचा घोळ

मराठीत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द सैलपणे वापरला जातो आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते. एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर हा खरा मानसोपचारतज्ज्ञ. औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नसतो. तो मानसशास्त्रीय चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये त्याची व्याख्या आहे आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत त्याचे नाव असावे लागते. मानसशास्त्रात एम.ए. केलेला समुपदेशक नातेसंबंध, अभ्यास, नोकरीतील ताण अशा प्रश्नांत उत्तम मदत करू शकतो. मनोविकार सामाजिक कार्यकर्ता रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाशी आणि परिस्थितीशीही काम करतो.

यांपैकी डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. अडचण आहे ती ‘समुपदेशक’, ‘थेरपिस्ट’ आणि ‘कोच’ या शब्दांची. या पाट्या लावण्यासाठी आजवर कोणत्याही परवान्याची गरज पडलेली नाही. अनेक वर्षे विद्यापीठात शिकून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली तयार झालेली व्यक्ती आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा करून आलेली व्यक्ती पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यांच्या शुल्कातही फारसा फरक असतोच असे नाही.

कायदा कोठवर पोहोचतो?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार डॉक्टरांची नावे झळकवणाऱ्या ऑनलाइन मंचाने प्रत्येकाची पात्रता आधी तपासली पाहिजे आणि नाव, पदवी, नोंदणी क्रमांक रुग्णाला दिसेल असा ठेवला पाहिजे. ही तत्त्वे डॉक्टरांपुरती आहेत. औषध न देणाऱ्या समुपदेशकांना ती थेट लागू होत नाहीत.

ही फट बुजवण्याच्या दिशेने संसदेने २०२१ मध्ये संबद्ध व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ, वर्तनविषयक समुपदेशक, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांचा समावेश आहे. मात्र अशा कायद्याची खरी कसोटी नोंदवहीत लागते. सामान्य माणसाला नाव टाकून चटकन तपासता येईल अशी समुपदेशकांची सर्वंकष यादी रूढ होईपर्यंत तपासणीचे ओझे सेवा घेणाऱ्याच्याच खांद्यावर राहणार आहे.

पडद्याला काय झेपते?

ऑनलाइन उपचार म्हणजे दुय्यम उपचार, असे मानण्याचे कारण नाही. सौम्य ते मध्यम स्वरूपाचे नैराश्य आणि चिंताविकार यांवर बोधात्मक वर्तन उपचारपद्धती व्हिडिओवरूनही परिणामकारक ठरते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. पण भास होत असतील, उन्मादाचा झटका असेल, व्यसन सोडताना शरीर साथ देत नसेल किंवा खाण्याच्या विकाराने वजन धोकादायकरीत्या घटले असेल, तर समोरासमोर तपासणी हवीच. आत्महत्येचे विचार तीव्र असतील तर पुढच्या आठवड्याच्या सत्राची वाट पाहण्यात अर्थ नाही. जवळचे रुग्णालय गाठणे हाच मार्ग.

शहरी घरांची एक अडचण आणखी वेगळी आहे. दोन खोल्यांत चार-पाच माणसे राहतात, तेथे मोकळेपणाने बोलायचे कोठे? गच्चीत, जिन्यात किंवा उभ्या केलेल्या मोटारीत बसून सत्रे पार पाडणारे कमी नाहीत. ज्या स्त्रीला घरातच मारहाण होते, तिच्यासाठी घरातून बोलणे धोक्याचेही ठरू शकते. अशा वेळी शब्दांऐवजी ई-मेल किंवा लेखी संवादाची सोय आहे का, कोणी अचानक खोलीत आले तर संभाषण कसे थांबवायचे, हे आधीच ठरवून घेणे शहाणपणाचे. अशा सूचना समुपदेशकाने न विचारता स्वतःहून केल्या, तर तो त्याच्या तयारीचा चांगला पुरावा मानावा.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान, असा एक संकोच असतो. येथे तो बाजूला ठेवायला हवा. शिक्षण कोठे झाले, नोंदणी आहे का, माझ्यासारख्या तक्रारीवर किती काम केले आहे, कोणत्या पद्धतीने उपचार कराल, साधारण किती सत्रांनंतर आपण प्रगतीचा आढावा घेऊ, हे प्रश्न रास्त आहेत. ‘तुम्ही स्वतः कोणा ज्येष्ठाकडून आपल्या कामाचा आढावा करून घेता का?’ हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. नियमित देखरेख घेणारा समुपदेशक त्याचे उत्तर अभिमानाने देतो. उलट ‘पाच सत्रांत बरे करतो’ अशी हमी देणारा, डॉक्टर नसताना औषधे बंद करण्याचा सल्ला देणारा, किंवा वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणारा असेल, तर तेथेच थांबावे.

केवळ पदवी पुरेशी नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार उपचारातील नाते तीन गोष्टींवर उभे असते: उद्दिष्टाबद्दल एकमत, ते गाठण्याच्या कामांबद्दल एकमत आणि परस्परांतील जिव्हाळा. पुढील अनेक संशोधनांतही या नात्याची बळकटी आणि उपचाराचे यश यांचा संबंध दिसून आला. म्हणूनच तीन-चार सत्रांनंतर आपले म्हणणे समोरच्यापर्यंत पोहोचतच नाही असे वाटले, तर तसे स्पष्ट सांगावे आणि गरज पडल्यास समुपदेशक बदलावा. त्यात कृतघ्नता नाही.

भाषेचा मुद्दा येथेच येतो. कार्यालयात इंग्रजी बोलणारा माणूस आईवडिलांबद्दलची सल इंग्रजीत सांगू शकेलच असे नाही. ‘घुसमट’, ‘कुढणे’, ‘जीव रमत नाही’ हे शब्द ज्याला उलगडून सांगावे लागत नाहीत, त्याच्यापुढे बोलणे सोपे जाते. परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे याच कारणाने भारतातील समुपदेशक शोधतात. त्यांनी ध्यानात ठेवावे, की भारताची दूरवैद्यक तत्त्वे देशाबाहेरील सल्ल्याला लागू नाहीत आणि अमेरिकेत परवाना सामान्यतः रुग्ण ज्या राज्यात बसला आहे, तेथील लागतो.

गुपित कोणाकडे राहते?

मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार दिला असून तो संगणकीय माहितीलाही लागू आहे. जिवाला धोका असल्यास किंवा न्यायालयाचा आदेश असल्यास मोजके अपवाद आहेत, आणि चांगला समुपदेशक ते पहिल्याच सत्रात समजावून सांगतो. प्रश्न असतो तो मध्यस्थ कंपनीचा. अमेरिकेतील बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला. त्या प्रकरणात ७८ लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. फिनलंडमधील वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या चोरलेल्या नोंदींच्या आधारे तर २०२० मध्ये थेट हजारो रुग्णांकडेच खंडणी मागण्यात आली.

भारतात डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. या कायद्यात आरोग्यविषयक माहितीचा वेगळा, अधिक संरक्षित वर्ग मात्र केलेला नाही. त्यामुळे सत्राचे ध्वनिमुद्रण होते का, टिपणे कोठे व किती काळ राहतात, खाते बंद केल्यावर ती पुसली जातात का, हे विचारणे आवश्यक ठरते. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी विनामूल्य सत्रे दिली असतील, तर व्यवस्थापनाला नेमके काय कळते, हेही विचारावे.

दरम्यान, माणसाऐवजी यंत्राशीच मन मोकळे करणाऱ्यांची संख्या वाढू लागली आहे. भारताच्या २०२०च्या तत्त्वांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील मंचांना रुग्णाचे समुपदेशन करण्यास वा औषध सुचवण्यास मनाई केली होती. अमेरिकेतील इलिनॉय राज्यानेही ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्राद्वारे मानसोपचार करण्यावर कायद्याने बंदी आणली. यंत्र मध्यरात्रीही उत्तर देते हे खरे, पण संकटसमयी दार ठोठावण्याची जबाबदारी ते घेत नाही.

खिशाचा प्रश्न

खासगी सत्राचे शुल्क काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत असते आणि उपचार महिनोन्महिने चालतात. २०१७च्या कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे बंधनकारक केले. परंतु बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चापुरत्या असल्याने आठवड्याच्या सत्रांचा भार खिशावरच पडतो. ज्यांना तो झेपत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवाही २०१२ पासून दूरध्वनी व ई-मेलद्वारे समुपदेशन करीत आहे. कोठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर आधी येथे बोलून मग खासगी समुपदेशक शोधणे सोयीचे ठरते.

थोडक्यात, उपचार दूरचे राहिलेले नाहीत. विश्वास ठेवण्याजोगा माणूस ओळखणे मात्र अजूनही कठीण आहे. समुपदेशकांची खुली, अद्ययावत आणि मराठीतूनही शोधता येणारी नोंदवही उभारणे हे शासनाचे काम आहे. ते होईपर्यंत त्रासात असलेल्या माणसाच्या वतीने दोन प्रश्न विचारण्याचे आणि एक नोंदणी क्रमांक तपासण्याचे काम त्याच्या घरच्यांना किंवा मित्रांना करता येईल. ज्याला स्वतःला ते सुधरत नाही, त्याच्यासाठी एवढा आधारही पहिल्या सत्राइतकाच मोलाचा असतो.