विश्लेषण : इटलीची प्राचीन बंदरे समुद्रापासून दूर का गेली? आणि आता समुद्र नदीत का शिरतो आहे?

एड्रियाटिक समुद्राला ज्या बंदरावरून नाव मिळाले असे मानले जाते, ते एड्रिया आज किनाऱ्यापासून २० किलोमीटरहून अधिक आत, शेतांच्या मधोमध आहे. पो नदीने शतकानुशतके गाळ आणून टाकला आणि किनाराच पुढे सरकला. २०२२ च्या उन्हाळ्यात मात्र याच भागात उलटे घडले. आल्प्समध्ये बर्फ कमी पडला, पाऊसही रुसला, नदी आटली आणि खारे पाणी मुखातून सुमारे ३० किलोमीटर आत शिरले. ४ जुलैला सरकारने उत्तरेतील पाच प्रांतांत आणीबाणी जाहीर केली. पात्रात १९४३ साली बुडालेली ‘झिबेलो’ ही मालवाहू नौका उघडी पडली आणि तिची छायाचित्रे जगभर फिरली. करपलेल्या भाताकडे तेवढे लक्ष कुणी दिले नाही.

बंदरे हरवली कशी?

पो ही इटलीतील सर्वात लांब नदी, सुमारे ६५० किलोमीटरची. आल्प्स आणि अपेनाइन्स या दोन्ही पर्वतरांगांची माती ती खाली आणते. इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या मुखाशी स्पिना हे इट्रस्कन लोकांचे बंदर उभे राहिले. ग्रीसची चित्रांकित भांडी येथे उतरत. रोमन काळातील भूगोलकार स्ट्रॅबोने नोंद केली तोवर स्पिना लहानसे खेडे झाले होते आणि समुद्र ९० स्टेडिया, म्हणजे साधारण १६ किलोमीटर, दूर गेला होता. पुढे तर त्याची जागाही विस्मरणात गेली. १९२२ मध्ये कोमाक्किओची खाजणे शेतीसाठी कोरडी करताना तिथे कबरी सापडल्या. उत्खननात त्यांची संख्या चार हजारांवर गेली.

राव्हेन्नाजवळचे क्लासे हा सम्राट ऑगस्टसने वसवलेला आरमारी तळ. तेथेही आता शेतीच आहे. पोपासून दूर, रोमच्या टायबर नदीचीही हीच गत झाली. तिच्या मुखावरचे ओस्तिया आता समुद्रापासून सुमारे तीन किलोमीटर आत आहे. शेजारच्या पोर्टस बंदराचे काम क्लॉडियसने इ.स. ४२ मध्ये सुरू केले, नंतर ट्रेजनने षटकोनी गोदी खोदली. ही गोदी आज फ्युमिचिनो विमानतळालगत तळे म्हणून उरली आहे.

व्हेनिसने नदी का वळवली?

आपलेही एड्रिया होईल, ही व्हेनिसची भीती होती. पोचा गाळ खाजणात साचला असता तर व्यापारी सत्तेचे बंदरच बुजले असते. म्हणून १६०० ते १६०४ या काळात सुमारे सात किलोमीटरचा कालवा खोदून नदी दक्षिणेकडे वळवण्यात आली. व्हेनिस वाचले आणि गाळ नव्या जागी साचू लागला. आजच्या त्रिभुज प्रदेशाचा मोठा भाग त्यानंतर तयार झाला आहे. म्हणजे आज जी जमीन वाचवायची धडपड चालली आहे, ती जेमतेम चारशे वर्षांची आहे.

मग समुद्र आत का येतो?

समुद्राची पातळी वाढते आहे, हे खरे. पण मोठी चूक जमिनीवर झाली. १९३८ ते १९६१ या काळात येथे भूजलात मिसळलेला मिथेन वायू मिळवण्यासाठी प्रचंड पाणी उपसले गेले. जमीन खचली, काही ठिकाणी तर दोन मीटरहून अधिक. उपसा थांबला, पण खचलेली जमीन वर आली नाही. बरीचशी शेते समुद्रसपाटीखाली असून पंप सतत चालवून ती कोरडी ठेवावी लागतात. नोव्हेंबर १९५१ च्या महापुरात याच पोलेसिने भागातील सुमारे १ लाख ८० हजार लोक बेघर झाले होते.

दुसरीकडे गाळही घटला. धरणांनी तो अडवला आणि पात्रातील वाळू बांधकामासाठी उपसली गेली. वाळूउपशाने नदीचे काय होते, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. पात्र खोल झाले की खाऱ्या पाण्याला आत यायला वाटच मिळते.

वाद कोणाचा?

खारे पाणी रोखण्यासाठी नदीच्या काही शाखांवर अडसर बसवले आहेत. पण त्यांचा उपयोग नदीत पुरेसे पाणी असेल तरच होतो. पोंतेलागोस्कुरो येथे सेकंदाला किमान ४५० घनमीटर प्रवाह हवा, असे मानले जाते. जुलै २०२२ मध्ये तो दीडशेच्याही खाली गेला. म्हणजे मुखाशी आणखी अडसर बांधून प्रश्न सुटणारा नाही. निर्णय वर घ्यावा लागेल. पण वर पिडमाँट आणि लोम्बार्डीत भातशेती आहे, जलविद्युत प्रकल्प आहेत आणि सरोवरांतले पाणी सोडायला कुणी सहज राजी होत नाही. पिण्याच्या पाण्याला पहिला मान कायद्यानेच दिला आहे, त्यानंतर शेतीचा क्रम लागतो. इथे मात्र दोन्ही बाजूंना शेतीच आहे. एकाचे भात उन्हाने करपते, तर दुसऱ्याचे मिठाने. दुसऱ्याच्या शेतातले मीठ पुढच्या हंगामातही जमिनीत राहू शकते.