डोळे मोजायचे की नजर?

ड्रायव्हिंग लायसन्ससाठीचा फॉर्म 1 सहसा कोणी वाचत नाही. पूर्वी एजंट खुणा करून द्यायचा आणि अर्जदार खाली सही ठोकायचा. आता मोबाइलवर चार टिचक्या मारल्या की काम झाले. त्यातला नजरेविषयीचा प्रश्न मात्र एकदा नीट वाचावा. स्वच्छ उजेडात, लागत असल्यास चष्मा लावून, 25 मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का, असे तो विचारतो. 25 मीटर म्हणजे लोकलच्या एका डब्याहून थोडे लांब. या प्रश्नाच्या पोटात एक भलामोठा कंस आहे. किमान पाच वर्षे लायसन्स बाळगलेल्या माणसाची एका डोळ्याची दृष्टी त्यानंतर गेली असेल, त्याला खासगी हलके वाहनच चालवायचे असेल आणि त्या वाहनाला स्टीअरिंगच्या बाजूने बाहेर आरसा असेल, तर एका डोळ्याने नंबरप्लेट वाचली तरी भागते.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला हा मजकूर. बाहेरचा आरसा प्रत्येक गाडीला असेलच असे नाही, अशा काळातली ती अट. एक डोळा गेला म्हणजे गाडी सुटली, असे कायदा सरसकट म्हणत नाही, हे मात्र त्यातून स्पष्ट होते. तरीही बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही सोसायटीत विचारा, सल्ला एकच मिळेल: आरटीओला कशाला सांगायचे? म्हणजे जे सांगितल्याने काही बिघडणार नाही, तेही लोक लपवतात. खासगी मोटार चालवणाऱ्याच्या बाबतीत ही लपवाछपवी निव्वळ अज्ञानातून होते.

रिक्षावाल्याचे तसे नाही. त्या कंसात परिवहन वाहनाला जागा नाही, आणि रिक्षा हे परिवहन वाहन. मुंबई शहरात रिक्षा नाही. ती पश्चिमेला वांद्र्यापासून पुढे आणि पूर्वेला शीवपलीकडे. त्यामुळे ही अडचण उपनगरांच्या खास वाट्याची आहे. अंधेरी स्टेशनबाहेर किंवा घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली रांगेत उभ्या असलेल्या चालकाचा एक डोळा मोतीबिंदूच्या बिघडलेल्या शस्त्रक्रियेने, काचबिंदूने किंवा मधुमेहाने गेला, तर खरे बोलण्याची किंमत म्हणजे रिक्षा चालवण्याचा बॅज. खोटे बोलण्याची किंमत, पकडले न गेल्यास, शून्य.

2021 च्या उन्हाळ्यात हा प्रश्न एकाएकी फार मोठा झाला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेली ‘काळी बुरशी’, आली. मे महिन्यात केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला. गुजरात आणि महाराष्ट्रात रुग्ण सर्वाधिक होते. मधुमेह आणि उपचारातली स्टेरॉइड्स हे बहुतेकांच्या बाबतीतले समान सूत्र. बुरशी नाकातून डोळ्याच्या खोबणीत शिरली की मेंदू वाचवण्यासाठी अनेकदा डोळाच काढावा लागे. त्यातले बरेच रुग्ण मध्यमवयीन, कमावते, वर्षानुवर्षे गाडी चालवणारे. हे लोक जगले, घरी आले आणि कामालाही लागले. त्यांच्या लायसन्सचे पुढे काय, हे त्यांना रुग्णालयातून सोडताना कोणी सांगितले असेल अशी शक्यता कमीच. त्याच वर्षी जूनमध्ये राज्यात शिकाऊ लायसन्स घरबसल्या देण्याची सोय सुरू झाली. सोय उत्तम, पण 25 मीटरवरची ती नंबरप्लेट आता अर्जदार स्वतःच स्वतःला दाखवतो.

एका डोळ्याने गाडी चालवणे धोक्याचे आहे का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे सरळ नाही. दोन डोळ्यांना मिळून आडवे क्षेत्र साधारण 180 अंशांचे दिसते. एकाला 150 च्या आसपास. नाकाची बाजू फारशी घटत नाही, घटते ती गेलेल्या डोळ्याची कड. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डावा डोळा गेला तर फुटपाथच्या बाजूने घुसणारी स्कूटर आणि बसमागून उतरणारा प्रवासी उशिरा दिसतो. उजवा गेला तर ओव्हरटेक करणारा. शिवाय काचेशेजारचा खांब: दोन डोळे त्याच्या दोन्ही बाजूंनी पाहतात, एका डोळ्यासमोर तोच खांब वळणावरचा अख्खा पादचारी गिळतो. मेट्रोच्या कामासाठी पत्रे ठोकून अरुंद केलेल्या एलबीएस मार्गावर या गोष्टी किरकोळ नाहीत. आणि चांगल्या डोळ्यात कचरा गेला तर क्षणभर काहीच उरत नाही.

खोलीचे मात्र लोक उगाच भय घेतात. दोन डोळ्यांच्या जोडीने मिळणारा खोलीचा अंदाज मुख्यतः जवळच्या कामाला लागतो. सुईत दोरा ओवणे, पेल्यात पाणी ओतणे. पुढची गाडी किती लांब आहे हे मेंदू तिच्या आकारावरून, तिने काय झाकले आहे यावरून आणि आपण हलताना दृश्य कसे सरकते यावरूनही ठरवतो. त्यासाठी एक डोळा पुरतो, फक्त सवय व्हायला काही महिने जातात. मन्सूर अली खान पतौडींचे उदाहरण इथे आठवतेच, आणि ते मोटारीच्याच अपघाताचे आहे. जुलै 1961 मध्ये इंग्लंडमधल्या होव्ह इथे मोटार धडकली आणि काचेचा तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला. त्याच डिसेंबरात ते दिल्लीत पहिली कसोटी खेळले, पुढच्या मार्चमध्ये एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले. अर्थात प्रत्येक जण पतौडी नसतो, आणि क्रिकेटच्या मैदानावर डावीकडून स्कूटर येत नाही. पण डोळे मोजून माणसाची नजर कळत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

आता ‘कळवण्या’कडे. ब्रिटनच्या 1988 च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टमध्ये लायसन्सधारकाला गाडी चालवण्यावर परिणाम करणारा आजार लायसन्स देणाऱ्या यंत्रणेला कळवावाच लागतो, न कळवल्यास 1,000 पौंडांपर्यंत दंड. मात्र साधी मोटार चालवणाऱ्याचा एक डोळा गेला आणि उरलेल्या डोळ्याची नजर आणि दृष्टिक्षेत्र निकषात बसत असेल, तर त्याने कळवण्याचीही गरज नाही. निकष आकड्यांत आहेत: 20 मीटरवरची नंबरप्लेट, 6/12 नजर, 120 अंशांचे आडवे क्षेत्र. बस आणि लॉरीवाल्यांसाठी नियम कडक.

आपला मोटार वाहन कायदाही 1988 चाच. त्याच्या कलम 186 नुसार, आपल्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे लोकांना धोका आहे हे माहीत असून गाडी चालवली तर पहिल्या वेळी 1,000 रुपयांपर्यंत दंड आहे. कलम 16 नुसार अधिकाऱ्याला शंका आली तर तो वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो, लायसन्स रद्दही करू शकतो. पण मधल्या काळात डोळा गेला तर कोणाला, किती दिवसांत, कोणत्या कागदावर कळवायचे, याची सरळ वाट कायदा दाखवत नाही. नूतनीकरणापर्यंत सगळे शांत. 2019 च्या दुरुस्तीनंतर पस्तिशीतल्या माणसाचे खासगी वाहनाचे नूतनीकरण दहा वर्षांनी येते, तिशीच्या आत लायसन्स काढणाऱ्याचे थेट चाळिशीत. अपघात झालाच तर विमा कंपनी हा मुद्दा उकरून काढू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वरण सिंग निकालामुळे लायसन्समधली त्रुटी दाखवून बळीच्या कुटुंबाची भरपाई अडवणे कंपनीला सोपे नाही, पण दिलेली रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची वाट तिला मोकळी असू शकते. लपवणाऱ्याच्या हिशेबात हा आकडा सहसा नसतो.

सरकारी मोजमापातला विरोधाभास तर याहून बोचरा. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर अपंगत्व 30 टक्के धरले जाते. आरक्षण आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. म्हणजे मदत मागायला गेलेला रिक्षावाला पुरेसा अपंग नाही, आणि बॅज राखायला गेला तर पुरेसा धडधाकट नाही. अशा माणसाने खरे बोलावे अशी अपेक्षा करताना सरकारने थोडी लाज बाळगायला हवी.

फॉर्म बदलता येत नाही असेही नाही. जून 2020 मध्ये केंद्राने याच फॉर्मातला रंगांधळेपणाचा भाग सुधारला आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्सची दारे उघडी केली, तीही वैद्यकीय तज्ज्ञांचा सल्ला घेऊन. दृष्टीच्या कंसाला तोच न्याय लावावा. ‘पाच वर्षांनंतर गेला का’ याऐवजी उरलेल्या डोळ्याची नजर किती, क्षेत्र किती अंशांचे आणि डोळा जाऊन किती महिने झाले, हे विचारावे. क्षेत्र मोजणारे यंत्र मोठ्या नेत्रविभागांत असते, तपासणी वेदनारहित आहे. काचबिंदूच्या रुग्णांची ती नियमित होते. चालकांची करायला कोणाची हरकत असू नये. फॉर्म 1-ए हे वैद्यकीय प्रमाणपत्र चालकाकडे मान वर करूनही न बघता शिक्का मारून मिळते, ही तक्रार देशभर जुनी आहे. ती मिटल्याशिवाय कुठलाही निकष कागदावरच राहील.

रिक्षाचालकाला सरसकट परवानगी द्यावी, असे इथे म्हणणे नाही. पाठीमागे प्रवासी बसतात, दिवसाचे दहा-बारा तास गाडी चालते, रात्री समोरचे दिवे डोळ्यावर येतात. निकष कडकच हवा आणि अनेकांना तो पार करता येणार नाही. त्यांच्यासाठी आजही एक वाट चालू आहे: परमिट स्वतःकडे ठेवून गाडी दुसऱ्या बॅजधारकाला शिफ्टवर द्यायची. स्वतःची रिक्षा असलेल्याला निदान तेवढे जमते. जो भाड्यानेच चालवतो त्याच्यासाठी तीही सोय नाही, आणि डोळ्याबद्दल गप्प बसणाऱ्यांत त्याचाच नंबर पहिला लागेल.