पिचरचा हात मोजून वापरा

नंदुरबार जिल्ह्यातील पालक, क्रीडाशिक्षक, आश्रमशाळांचे मुख्याध्यापक आणि अधीक्षक यांना जाहीर आवाहन



शालेय स्पर्धांचे वेळापत्रक हाती पडले की सॉफ्टबॉल खेळणाऱ्या शाळांत एकच घाई उडते, आणि तिचा सगळा भार येऊन पडतो पिचरच्या हातावर. सकाळी सराव, संध्याकाळी सराव, रविवारी जादा सराव. रोज टाकल्याशिवाय हात बसत नाही, असे आपण सगळेच म्हणत आलो आहोत. यंदा हे थांबवूया, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तेरा ते सोळा वर्षांच्या पिचरने पूर्ण ताकदीने आठवड्यातून तीन दिवस टाकावे, फार तर चार. सलग दोन दिवसांच्या पुढे जाऊ नये. आणि आठवड्यातला एक दिवस तिने चेंडूला हातही लावू नये. मुलांच्या संघांनाही हेच लागू आहे.

चेंडू खालून टाकायचा, त्यात खांद्याला काय होणार, असा एक समज मैदानावर घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. १९९६ मध्ये अटलांटाला सॉफ्टबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा तिथल्या पिचरच्या हालचाली चित्रित करून अभ्यासकांनी मोजल्या. हात पूर्ण गोल फिरवून चेंडू सोडताना खांद्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के इतकी ओढ येते, असे त्यात दिसले. आपल्याकडची चाळीस किलोची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर तेवढीच ओढ धरली, तर दर चेंडूला तीसेक किलोचा हिसका झाला. तोही अशा वयात, जेव्हा हाडांची टोके अजून वाढत असतात. दंडाच्या पुढच्या स्नायूवर तर वरून फेकण्यापेक्षा या पद्धतीत जास्त ताण येतो. म्हणून पिचर बहुतेक वेळा खांद्याच्या पुढच्या बाजूला हात लावून 'इथे दुखतंय' म्हणते. ते ऐकून तेल चोळून पुन्हा मैदानात उभी करू नका.

जपानच्या युकिको उएनोचे उदाहरण नेहमी दिले जाते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकले. पराक्रम खराच. पण ती तेव्हा २६ वर्षांची, पूर्ण वाढ झालेली, वर्षानुवर्षे शास्त्रशुद्ध तयारी केलेली खेळाडू होती. तिची पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. २०२१ मध्ये टोकियोच्या अंतिम सामन्यात, वयाच्या ३९ व्या वर्षी, तिने सहाव्या इनिंगमध्ये चेंडू मिऊ गोतो या तरुण पिचरकडे सोपवला, शेवटच्या इनिंगला ती परत आली आणि जपानने पुन्हा सुवर्ण घेतले. जगातली सर्वांत नावाजलेली पिचरही सामना वाटून घेते.

आपल्याकडे मात्र बहुतेक संघात पिचर एकच. जिल्हास्तरावर एका दिवसात दोन-तीन सामने होतात आणि सगळे तीच टाकते. पुढे नाशिक विभाग, मग राज्य. यामागे हाव नाही, हे मी जाणतो. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आहेत, सरकारी नोकरीतले पाच टक्के आरक्षण आहे. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या मुलीसाठी राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र म्हणजे घराचे दिवस पालटण्याची संधी असते. म्हणूनच तो हात सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत शाबूत राहायला हवा.

अमेरिकेतील क्रीडावैद्यकांनी सुचवलेली मर्यादा आपल्याला आधाराला घेता येईल: १३-१४ वर्षांच्या पिचरने एका सामन्यात ८० आणि दिवसभरात ११५ चेंडूंपुढे जाऊ नये, पंधरा वर्षांपुढे सामन्यात १०० आणि दिवसात १४०. आपल्या मुलींचे वजन आणि आहार पाहता मी सरावात याच्याही आतच थांबेन. साठ-सत्तर चांगले चेंडू पुरे. त्याआधीचे वॉर्म-अपचे चेंडूही मोजायचे. बाकीच्या दिवशी धावणे, पोटा-पाठीचे व्यायाम, बॅटिंग, क्षेत्ररक्षण आणि जवळून भिंतीवर हलक्या हाताने मनगटाचा सराव. हात थकल्याची खूण पिचर तोंडाने सांगत नाही, कारण तिला संघातून जायचे नसते. चेंडू वर-वर जाऊ लागले, पाऊल आखूड पडू लागले, दोन चेंडूंच्या मध्ये ती हात झटकू लागली, की त्या दिवसाचा सराव संपला समजावे.

पालकांना एक वेगळी विनंती. सुट्टीचा दिवस ही खरी सुट्टी असू द्या. मिरची तोडणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत रविवारी मुलगी दिवसभर शेतात वाकलेली असते, वर पाण्याचे हंडे. हात तोच. घरची अडचण मला समजते, पण स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात तरी तिला त्यातून मोकळे ठेवा. आश्रमशाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर किंवा ऊसतोडीहून परतल्यावर आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी पूर्ण जोराने टाकायला लावू नका. तीन-चार आठवडे हळूहळू चढवा.

आता जी गोष्ट आपल्या जिल्ह्यात टाळून चालणार नाही, ती म्हणजे सिकलसेल. आपल्या आदिवासी समाजात हा आजार आणि त्याचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक मुलगी खेळू शकते, उत्तम खेळू शकते. पण कडक उन्हात, पाणी न पिता, विश्रांतीशिवाय जोर काढला तर तिच्या जिवाला धोका होऊ शकतो. २००६ मध्ये अमेरिकेत राइस विद्यापीठाचा वाहक असलेला तरुण फुटबॉलपटू डेल लॉइड सरावानंतर कोसळून दगावला. त्यानंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीतील विद्यापीठ खेळाडूंसाठी सिकलसेल वाहकतेची तपासणी लागू झाली. आपण मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. निकाल पालक, मुलगी आणि शिक्षक यांच्यातच राहावा. वर्गात, गावात त्याची चर्चा नको, आणि त्यावरून कुणाचे नाव संघातून कापले जाऊ नये. ज्या मुलीला आजारच आहे, तिचे खेळणे डॉक्टरांनी ठरवावे. तिचा खांदा किंवा हात अचानक ठणकू लागला तर तो सरावाचा थकवा समजून गप्प बसू नका, दवाखान्यात न्या. सराव सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर घ्या आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी द्या. मागितल्यावर द्यायची ती गोष्ट नाही. वसतिगृहांच्या अधीक्षकांनी खेळाडूंच्या ताटात अंडे, केळे, शेंगदाणे-गूळ यांतले काहीतरी रोज पडते का, ते स्वतः पाहावे.

स्पर्धा भरवणाऱ्यांनाही हात जोडून सांगणे आहे. एका संघाचे सामने लागोपाठ लावू नका, आणि गुणलेखकाशेजारी चेंडू मोजणारी एक व्यक्ती बसवा.

येत्या जिल्हास्तर स्पर्धेला प्रत्येक संघाने किमान दोन पिचर आणि एक वही घेऊन यावे. वहीत तारीख, टाकलेले चेंडू आणि कुठे दुखले ते लिहिलेले असावे. दुसरी पिचर तयार नसेल, तर कॅचर किंवा शॉर्टस्टॉपवरच्या एखाद्या मुलीला याच आठवड्यापासून हळू वेगाने सुरुवात करून द्या. पहिल्या वर्षी ती सामन्यातल्या दोनच इनिंग टाकेल. तेवढ्याही चालतील.

आपला,
नंदुरबार जिल्ह्यातील एक क्रीडाशिक्षक