मिरवणूक कुणाच्या पावलांनी?

“झावळ्यांच्या रविवारी तुम्ही मिरवणूक का काढता?” असे गेल्या वर्षी एका वर्गमित्राने मला विचारले. वसईत वाढलेला मी, लहानपणापासून हातात झावळी धरून चालत आलो. पण उत्तर सुचेना. “आमच्यात तशी पद्धत आहे,” एवढे म्हणून सुटका करून घेतली. घराण्यातला पहिला कॉलेजकुमार, आणि उत्तर हे!

त्याच वर्षी मिरवणुकीत मी तरुणांबरोबर झपझप पुढे गेलो. गुडघेदुखीने बेजार झालेली आजी मागे राहिली. ती चर्चपाशी पोचली तेव्हा मिस्सा सुरू झाली होती, आत जागा नव्हती. ती काही बोलली नाही. मला मात्र ते लागले.

पुढे वाचनात एजेरिया आली. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या या यात्रेकरू स्त्रीने तिथली याच दिवसाची मिरवणूक लिहून ठेवली आहे. लोक जैतुनाच्या डोंगरावरून नगरात उतरत. चालता न येणारी मुले आईबापांच्या खांद्यावर असत; मुलांच्या हाती खजुराच्या किंवा जैतुनाच्या डहाळ्या. प्रतिष्ठित स्त्रीपुरुषही पायीच चालत. आणि सारे अगदी हळूहळू. का, तर लोक थकू नयेत म्हणून!

मला वाटते, मिरवणुकीचा अर्थ इथेच आहे. शर्यतीत पुढच्याचा मान. मिरवणुकीत मागच्याच्या पावलांवर सर्वांची चाल. प्रभू येशूही त्या दिवशी गाढवाच्या शिंगरावर बसून आला होता.

कुणी म्हणेल, हे सारे प्रदर्शन. प्रार्थना घरीही होते. आक्षेप अगदीच खोटा नाही. बँड, फटाके आणि पुढे कुणी चालायचे याची चढाओढ सुरू झाली की उपासनेचा देखावा होतो. पण त्यावरचा उतारा उपासनेतच आहे. मिरवणुकीतल्या झावळ्या वाळतात, पुढल्या वर्षी त्यांची राख होते आणि भस्म बुधवारी तीच आमच्या कपाळी लागते.

मित्रहो, शिकून आपण भराभर पुढे निघालो आहोत. मागे कोण राहिले, हे वळून पाहतो का?

यंदा मी आजीचा हात धरून चाललो. आम्ही सर्वांत शेवटी पोचलो आणि दाराबाहेर उभे राहून मिस्सा ऐकली. पुढच्या वर्षी वृद्धांना मिरवणुकीच्या अग्रभागी ठेवावे, असे मी गावातल्या तरुणांना सुचवणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला