आडोसा आणि माग

१ ऑक्टोबर २०१३. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क वाचनालयात रॉस उलब्रिक्ट लॅपटॉप उघडून बसला होता. पाठीमागे एका जोडप्याचे भांडण जुंपले. त्याने मान वळवली आणि तेवढ्यात लॅपटॉप हिसकावला गेला. भांडणारे तपास पथकातलेच होते. वापरकर्त्याची ओळख लपवणाऱ्या ‘टॉर’ जाळ्याच्या आडून चालणाऱ्या ‘सिल्क रोड’ या अमली पदार्थांच्या बाजारात तो त्या क्षणी चालक म्हणून लॉगइन होता, त्यामुळे एन्क्रिप्शन फोडण्याची गरजच उरली नाही. त्याचे नाव पुढे आले तेही बाजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याने स्वतःच जाहीरपणे दिलेल्या ईमेल पत्त्यावरून.

त्याच डिसेंबरात हार्वर्डमध्ये परीक्षा टाळण्यासाठी एका विद्यार्थ्याने बॉम्बची खोटी धमकी दिली. टॉर वापरले, पण विद्यापीठाच्याच वायफायवरून. त्या वेळी टॉरला कोण जोडले होते, हे नोंदींत दिसले. चौकशीत त्याने कबुली दिली.

तपास असा, सगळ्यांचा आडोसा न काढताही, चिकाटीने होतो. म्हणूनच ग्राहकांची नावे आणि आयपी पत्ते किमान ५ वर्षे जपण्याची, भारतात २०२२ मध्ये टॉरसारखाच आडोसा देणाऱ्या व्हीपीएन सेवांवर घातलेली सक्ती अनाठायी आहे. धमकी देणाऱ्याबरोबर भ्रष्टाचाराची माहिती पत्रकाराला पुरवणाऱ्या कर्मचाऱ्याचाही आडोसा ती हिरावून घेते.